स्कूबा शिकायचंय? आधी पाण्याखालची मिनिटं मोजा

मालवणला स्कूबा करून आलेल्या प्रत्येकाकडे एक व्हिडिओ असतोच. तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात आणणारं यंत्र), अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली ‘ओके’ची खूण, अवतीभवती पट्टेरी मासे. तो व्हिडिओ पुन्हा बघा आणि या वेळी माशांकडे न बघता तुमच्या पाठीमागे बघा. एक हात तुमच्या सिलिंडरचा कान धरून असतो. तुम्ही खाली किती जायचं, कधी थांबायचं, जॅकेटात हवा किती भरायची, हे सगळं तो हात ठरवत असतो. तुम्ही फक्त श्वास घेत असता.

यात कमीपणा काही नाही. उतरताना ‘घाबरू नका, मी आसंय’ म्हणणाऱ्या त्या पोराच्या भरवशावर मीसुद्धा पहिल्यांदा पाण्याखाली गेले, आणि बाहेर आल्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पण ते स्कूबा ‘करणं’ होतं. ‘शिकणं’ म्हणजे तो मागचा हात काढून घेतला तरी तुम्ही शांतपणे तरंगत राहणं. हा लेख ज्यांना तिथवर जायचं आहे त्यांच्यासाठी आहे.

नेमका कोणता कोर्स

सुरुवात करणाऱ्यासाठी उत्तर जवळजवळ एकच आहे: ओपन वॉटर डायव्हर. हे प्रमाणपत्राचं कार्ड हातात असलं की जोडीदार डायव्हरबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय, १८ मीटरपर्यंत जाता येतं. वयाची किमान अट १० वर्षं. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा असते आणि सोबत कार्डधारक पालक किंवा व्यावसायिक डायव्हर लागतो. याच्या अलीकडे ‘स्कूबा डायव्हर’ नावाचा अर्धा कोर्स मिळतो. त्यात १२ मीटरपर्यंत आणि कायम व्यावसायिक डायव्हरच्या सोबतीनंच जाता येतं. एक-दोन दिवस वाचतात, पण शेवटी पुन्हा तो मागचा हात आलाच. सुट्टी खरोखरच अपुरी असेल तरच तो घ्या.

मग ‘पॅडी की एसएसआय’ हा वाद येतो. कोर्स आखणाऱ्या आणि कार्ड देणाऱ्या या संस्था. पॅडी १९६६ साली सुरू झाली, एसएसआय १९७० साली, आणि युरोपातली सीमास त्यांच्याही आधी, १९५९ साली. ओपन वॉटरच्या पातळीला पॅडी आणि एसएसआय दोघींचा अभ्यासक्रम एकाच आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ २४८०१-२ मध्ये, बसतो. एकीचं कार्ड दुसरीच्या केंद्रावर बिनदिक्कत चालतं. फरक आहे तो असा की पॅडीचा इन्स्ट्रक्टर स्वतंत्रपणेही शिकवू शकतो आणि एसएसआयचा केंद्राशी जोडलेला असावा लागतो. शिकणाऱ्याला याचं फारसं देणंघेणं नाही. कार्डावरच्या बोधचिन्हापेक्षा शिकवणारा कोण आणि तो तुम्हाला किती वेळ देणार, यावर सगळं ठरतं.

वेळेचं एवढं कौतुक का, तेही सांगते. कोर्समध्ये समुद्रात चार डाइव्ह असतात. पॅडीच्या नियमानुसार त्यातली कुठलीही डाइव्ह वीस मिनिटांची झाली तरी ती डाइव्ह म्हणून मोजता येते. म्हणजे समुद्राखाली जेमतेम ऐंशी मिनिटं घालवूनही एखाद्याला आयुष्यभराचं कार्ड मिळू शकतं. नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नाही.

माझं पहिलं कार्ड असंच आलं. गाव आणि केंद्र दोन्हींची नावं राहू देत. आम्ही सात जण होतो आणि इन्स्ट्रक्टर एक. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकानं फुंकून बाहेर काढायचं हा सराव मला कसाबसा एकदा जमला. माझ्यामागे सहा जण रांगेत, बोटीची वेळ झालेली. इन्स्ट्रक्टरनं ‘ओके’ केलं आणि पुढच्याकडे वळला. चार महिन्यांनी दुसरीकडे बारा मीटरवर असताना कुणाची तरी फिन (पायातलं वल्हं) लागून माझा मास्क सरकला, नाकात पाणी गेलं, आणि मला एकच सुचलं: वर पळायचं. गाइडनं दंड धरून खाली ठेवलं म्हणून बरं. पुढच्या वर्षी मी अंदमानात पैसे भरून तेच धडे पहिल्यापासून गिरवले.

बारा मीटरवरून श्वास रोखून वर पळण्यात काय वाईट, असं वाटेल. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखलेला असेल तर ती जागा फुप्फुस फाडून मिळते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम ‘श्वास कधीही रोखू नका’ हा आहे. आणि घाबरलेला माणूस नेमका श्वासच रोखतो.

घरी बसून उरकायची कामं

बुकिंगच्या आधी वैद्यकीय प्रश्नावली मागवा. ती सगळीकडे साधारण सारखीच असते. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, फुप्फुसातून हवा गळण्याचा पूर्वेतिहास, गर्भारपण, चालू औषधं असं सगळं त्यात विचारतात. यातल्या काही प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते. लोक हा कागद बोटीवर बसताना पहिल्यांदा बघतात आणि परतीचं तिकीट आठवून सगळीकडे ‘नाही’ ठोकून देतात. तसं करू नका. सहीला अर्धा तास लागतो, पण तो आपल्या गावात, आपल्या डॉक्टरकडे. गर्भारपणात मात्र डाइव्ह नाहीच.

सायनसचा किंवा कानाचा जुना त्रास असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला एकदा दाखवाच. सर्दी झालेली असताना चोंदलेलं नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरण्याचा मोह होतो. गोळीचा अंमल पाण्याखाली असतानाच उतरला तर आत अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही आणि कळ डोक्यात जाते. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकलावी.

पोहणं. ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ ही पाटी पर्यटन डाइव्हपुरती खरी आहे. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहावं लागतं (किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्केल लावून ३०० मीटर), आणि दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगावं लागतं. वेगाची अट नाही, शैलीचीही नाही. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली माणसं यात सहज निघतात. शहरातल्या तलावात कडेला धरत धरत पोहणाऱ्यांना मात्र महिनाभर आधीपासून सराव लागेल.

चष्मा असेल तर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, किंवा नंबरच्या काचेचा मास्क केंद्राकडे आहे का ते विचारा. आणि भरघोस मिशा असलेल्यांनी नाकाखालचे केस थोडे भादरून जावं. मास्कची कड मिशीवर बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. एका कोल्हापूरकर काकांना हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरले नाही.

सगळं एकाच जागी, की निम्मं घरी?

कोर्सचे तीन भाग असतात: थिअरी, तलाव किंवा उथळ शांत पाण्यातला सराव, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. थिअरी आता बहुतेक ऑनलाइनच असते. ती निघण्याआधी संपवा. सुट्टीच्या ठिकाणी रात्री जागून परीक्षेचा अभ्यास करणं हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे.

तलावातला भाग तुम्ही आपल्या शहरातही करू शकता. मुंबई-पुण्यात असं शिकवणारे आहेत. तिथे थिअरी आणि तलाव पूर्ण झाला की ‘रेफरल’ मिळतो, आणि समुद्रातल्या डाइव्ह वर्षभराच्या आत दुसऱ्या केंद्रावर करता येतात. थोडा खर्च वाढतो, पण नोकरी करणाऱ्यांसाठी मला हीच वाट सर्वात बरी वाटते. दोन-तीन शनिवार-रविवारांत मिळून तोच सराव केला की मधल्या आठवड्यात तो अंगात मुरतो. भीती वाटली तर घरी जाऊन झोपता येतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा येता येतं. बेटावर चार दिवसांच्या कोर्समध्ये घाबरायलाही सवड नसते.

अट एवढीच की दोन्ही इन्स्ट्रक्टरांचं आधी बोलणं झालेलं असावं. समुद्रावरचा माणूस तुमची थोडी उजळणी घेणारच. घेतली तर आनंद माना.

कुठे आणि कोणत्या महिन्यात

घराजवळचा पर्याय म्हणजे मालवण-तारकर्ली. एमटीडीसीनं स्कूबासाठी प्रशिक्षण संस्थाच तारकर्लीत उभी केली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटन डाइव्ह चालतात आणि तिथली अनेक मुलं मासेमारीच्या घरांतली, पाण्याची नस ओळखणारी आहेत. अडचण पाण्याच्या निवळपणाची. अनेकदा चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही. मोसम ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तारीख ठरवताना तिथी बघा: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त आणि पाणी गढूळ, अष्टमीच्या आसपास भांगाचं (कमी भरती-ओहोटीचं) पाणी शांत आणि त्यामानानं निवळ. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला हे पाठ असतं, मुंबईहून बुकिंग करणाऱ्याला नसतं. गढूळ पाण्यात शिकलेला डायव्हर पुढे कुठेही गांगरत नाही असंही म्हणतात. ते खरं आहे, पण शिकणारा मुळातच घाबरट असेल (मी होते), तर पहिल्या चार डाइव्ह तरी स्वच्छ पाण्यात कराव्यात.

गोव्यात ग्रँड आयलंडच्या आसपास डाइव्ह होतात. बुडालेल्या जहाजाचे अवशेष बघायला मिळतात, पण पाणी मालवणचंच भावंड. तिथून खाली, कर्नाटकात मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेट आहे. किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर आत असल्यानं तिथलं पाणी बऱ्याचदा खूपच स्वच्छ मिळतं. मुंबई-ठाण्याच्या माणसाला मत्स्यगंधा एक्सप्रेसनं थेट मुरुडेश्वरला उतरता येतं, म्हणून जरा कमी खर्चात बरा समुद्र हवा असेल तर माझा कौल नेत्राणीला. बोट लागण्याची सवय असेल तर गोळी आदल्या रात्रीच घ्या.

अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, आणि शेजारचं शहीद द्वीप. पाणी २७ ते ३० अंशांचं कोमट, किनाऱ्यापासूनच उथळ प्रवाळ, दिसतं लांबवर. मोसम ऑक्टोबर ते मे. विमान आणि फेरी धरून खर्च वाढतो, पण शिकण्यासाठी देशात याहून सोपा समुद्र मी पाहिलेला नाही. लक्षद्वीपचं पाणी त्याहूनही निळं, मात्र परवाना आणि मोजकी राहण्याची सोय यात बराच वेळ जातो.

आपल्याकडे धो-धो पाऊस असताना शिकायचं असेल तर पूर्व किनाऱ्याकडे बघा. पुद्दुचेरीला ईशान्य मोसमी पावसाचे दिवस सोडले तर वर्षाचा बराच काळ डाइव्ह चालतात. थायलंडचं को ताओ बेट तर कोर्सचा कारखानाच आहे. स्पर्धेमुळे दर कमी, मार्च ते सप्टेंबर पाणी चांगलं. कारखान्यात जाताना मात्र पुढचे प्रश्न दुप्पट काटेकोरपणे विचारा. दुबई-शारजात राहणाऱ्या आपल्या मंडळींना फुजैराहचा किनारा गाडीच्या अंतरावर आहे. त्यांनी शिकायला भारतात यायची गरज नाही.

फोनवरचं बोलणं

संकेतस्थळं सगळी सारखी असतात, कासवाचा फोटो सगळ्यांकडे असतो. फोन करा. माझं एक संभाषण जवळजवळ जसंच्या तसं:

“दादा, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण असतात?”

“मॅडम, तुम्ही या तर. सगळं होऊन जाईल.”

“पण किती?”

“अहो, गर्दीवर असतं ते.”

इथे फोन ठेवला. दुसरीकडे विचारलं तर उत्तर आलं, “चार. पाचवा आला तर सोबत असिस्टंट देतो. तुम्ही आधी कधी पाण्याखाली गेला आहात का? काही भीती वगैरे?” त्यांनी उलट प्रश्न विचारला, तिथेच माझा निर्णय झाला.

समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी पॅडीला चालतात. मला चारच्या वर नको वाटतात, आणि घाबरणाऱ्याला दोन. ही एक गोष्ट विचारून झाली की कोर्स किती दिवसांचा आणि तलावात किती तास, ते विचारा. तीन दिवस काठोकाठ, चार दिवस ठीक. ‘दोन दिवसांत कार्ड’ म्हणणाऱ्याला रामराम करा. तिसरा प्रश्न माझा सगळ्यात आवडता: एखादा सराव मला जमलाच नाही तर काय? ‘जमतोच हो सगळ्यांना’ हे उत्तर नापास. ‘जास्तीचा एक सेशन घेऊ, त्याचे अमुक पैसे’ हे उत्तर पास. ‘पैसे नाही घेत’ म्हणणारा भेटला तर लगेच बुक करा.

दर विचारताना त्यात काय धरलंय ते सुटं करून घ्या. देशात हा कोर्स साधारण २५ ते ४० हजारांच्या दरम्यान बसतो. कमी दर सांगणाऱ्याच्या आकड्यात बऱ्याचदा ऑनलाइन अभ्यास आणि कार्डाचं शुल्क धरलेलं नसतं, कधी बोटीचंही नसतं. जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (वर येताना झालेल्या दाबाच्या त्रासावर उपचार करायची खोली) कुठे आहे आणि तिथवर नेण्याची त्यांची व्यवस्था काय, हेही विचारा. प्रश्न ऐकून समोरचा चाचरला, तर तेही उत्तरच समजा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुतेकदा वगळलेलं असतं. पॉलिसीचा तो परिच्छेद स्वतः वाचा.

पोचल्यावर

पैसे भरण्याआधी सामानाच्या खोलीत डोकावा. रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुऊन टांगलेले आहेत की वाळूत पडलेत? सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती बघा. सिलिंडरात ऑक्सिजन नसतो बरं का, आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते. तोंडात घेऊन दोन श्वास घ्या. तेलाचा, धुराचा वास आला तर दुसरं सिलिंडर मागा. खरा ऑक्सिजन असतो तो आणीबाणीच्या पेटीत, आणि ती पेटी बोटीवर आहे का हे विचारायला लाजू नका.

बोटही बघा. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघं दगावले. डाइव्ह संपलेली होती. बोटीत माणसं जास्त दिसली, लाइफ जॅकेट कमी दिसली, तर त्या फेरीला बसू नका.

मास्क, कान आणि हट्ट

कान दुखायला लागल्यावर मोकळे करायचे नसतात, दुखायच्या आधी करायचे असतात. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, पहिल्या मीटरपासून, दर हातभर उतरताना. दाबाचा फरक सर्वात जास्त जाणवतो तो वरच्या काही मीटरांतच. कान सुटला नाही तर थोडं वर या, पुन्हा करा. जोरात फुंकू नका. इन्स्ट्रक्टर ‘चला चला’ची खूण करत असला तरी तुम्ही कानाकडे बोट दाखवून थांबायचं.

आता मास्क. अंदमानातल्या दुसऱ्या खेपेच्या इन्स्ट्रक्टरनं पहिल्या दिवशी मला कंबरभर पाण्यात गुडघ्यावर बसवलं, मास्क काढून घेतला आणि नुसता श्वास घ्यायला लावला. तोंडानं आत, तोंडानं बाहेर. नाकाशी पाणी, डोळे मिटलेले. पहिल्या खेपेला मी चार श्वासांत उठून उभी राहिले. तो काही बोलला नाही, पुन्हा बसायची खूण केली. सातव्या-आठव्या खेपेला कळलं की नाकात पाणी शिरत नसतं, आपणच ते नाकानं ओढत असतो. नाकातून किंचित हवा सोडत राहिलं की झालं. मग मास्क लावायचा, वरची कड कपाळाशी दाबायची, वर बघायचं आणि नाकानं सावकाश सोडायचं. पाणी खालून निघून जातं. पंधराव्या वेळी मला चक्क कंटाळा आला, आणि तेव्हाच त्यानं ‘ओके’ केलं. एखादा सराव कंटाळवाणा होईपर्यंत तो झाला असं मानू नका, आणि तोवर पुढे जायला नाही म्हणा. पैसे तुम्ही भरलेले आहेत.

तरंगण्याचं कसबही असंच, पण ते चार डाइव्हमध्ये कुणालाच पुरतं येत नाही. प्रवाळाला हात आणि फिन लागू द्यायची नाही, एवढं पाळलं तरी सुरुवातीला भरपूर.

परतीची वाट

एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवस किंवा एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही. रक्तात विरलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. मी सरळ २४ तास धरते. अंदमानच्या बेतात शेवटचा दिवस कोरडा ठेवा, सेल्युलर जेल तेव्हाच बघून घ्या.

विमानाचं सगळे सांगतात, घाटाचं कुणी सांगत नाही. सहाशे मीटरच्या वर जाणं हे याच हिशेबात मोडतं, आणि आंबोली सातशेच्या आसपास आहे. मालवणला दुपारी शेवटची डाइव्ह करून संध्याकाळीच आंबोलीमार्गे कोल्हापूर-बेळगाव गाठणं चूक. मुक्काम करा, सोलकढी प्या, तेवढे तास उलटल्यावरच निघा. रेल्वेनं किनाऱ्याकिनाऱ्यानं मुंबईला जाणाऱ्यांना ही काळजी नाही.

आणि त्याच संध्याकाळी लॉगबुक भरा. मासे कुठले दिसले ते नंतर आठवेल, खाली जायला कमरेला बांधलेलं वजन आठवणार नाही. माझ्या वहीतली पाचव्या डाइव्हची ओळ अशी: ‘तीन मिमी सूट, पाच किलो, जास्त झालं, पुढच्या वेळी चार.’ सहा महिन्यांनी नेत्राणीच्या बोटीवर पोरानं विचारलं, “ताई, वेट किती?” वही उघडून सांगितलं, “चार.”